काचेवरची हिरवी शाई

वेधशाळा, काचांची खोली
३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोन केला होता, पण तुझ्या कानातलं यंत्र आणि माझा फोन एकमेकांशी शिट्ट्या मारत बसले आणि आपण दोघी नुसत्या हॅलो हॅलो करत राहिलो. म्हणून हे पत्र. बातमी मोठी आहे, बसून वाच. मला नोकरी लागली. कुठे ते वर लिहिलंच आहे. हो, तुझीच वेधशाळा आणि तुझीच खोली! तू जिथे अख्खी नोकरी काढलीस त्या उत्तरेकडच्या खिडकीखाली माझं टेबल आहे.

नोकरी तात्पुरती आहे, पण काम ऐकशील तर उडशील. दुर्बिणीला कॅमेरा लावून काचेवर काढलेले आकाशाचे ते जुने फोटो आता स्कॅन करून कॉम्प्युटरात घालायचेत. जगभरातल्या लोकांना ते हवेत म्हणे. एखादा तारा शंभर वर्षांपूर्वी कसा दिसत होता हे दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? पण प्रत्येक काचेवर तुम्हा बायकांची शाई. वर्तुळं, बाण, आकडे, प्रश्नचिन्हं. शाईखाली तारे दडलेत. तेव्हा आधी काच पुसायची, मग स्कॅन. पुसण्याआधी एक फोटो काढून ठेवते, तेवढीच तुमची आठवण.

काचेच्या एका बाजूला रसायन असतं, त्याला माझा हात लागला तर साहेब माझा हात ठेवणार नाहीत. दुसरी बाजू नुसती काच, शाई तिच्यावर. स्पिरिटचा बोळा फिरवायचा, निबर डाग असेल तर ब्लेडने अलगद खरवडायचा. तुझ्या काळातली कपाटं मी मुद्दाम मागून घेतली. साहेब म्हणाले, "घ्या, वशिला आहे तुमचा." हिरवी शाई सगळ्यात गरीब, बोळा टेकला की निघते, म्हणून आधी हिरव्याच उरकून घेतेय. तुझ्या जांभळ्या शाईला हात घालायचा अजून धीर झालेला नाही, ती जाम रुतून बसलीय, तुझ्यासारखीच.

आणि आत्या, काचेवर तारे काळे असतात हे तू मला कधी सांगितलं नाहीस! पहिल्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, याच्यावर मिरी सांडलीय का? ते बिचारे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

गुडघे कसे आहेत?

स्पिरिटच्या वासाची,
भिंगरी


२५ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसला, मग परत वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. तुझे बाबा म्हणायचे, ही पोरगी एका जागी बसेल ती फक्त झोपेत. आणि तू काचांच्या खोलीत! जिथे जोरात शिंकायचीसुद्धा चोरी.

तारे काळेच असायचे आमचे. रात्री दुर्बिणीवर पुरुष बसायचे, कुडकुडत. ते काच काढून, धुऊन, वाळवून ठेवायचे आणि सकाळी आम्ही डबे घेऊन यायचो. आयुष्यभर आकाश बघितलं ते दिवसाढवळ्या, खिडकीच्या उजेडात, भिंगातून. माझ्याकडून कुणी तारे ओळखून घ्यायला गच्चीवर नेलं की माझी फजिती व्हायची. पांढरे तारे मला ओळखू येत नसत.

आता रंगांचं सांगते. खोलीत प्रत्येकीला एक शाई ठरलेली होती. चूक झाली तर ती कुणाची ते लगेच कळावं, म्हणून थोरल्या साहेबांनी पाडलेली पद्धत. हळूहळू आमची नावंच मागे पडली. दाराजवळ तांबडी, कपाटाशी निळी, मी जांभळी. शिपाईसुद्धा दारातून ओरडायचा, "जांभळीबाई, टपाल!" आणि माझ्या शेजारच्या टेबलावर हिरवी.

ती आली तेव्हा मी तिथे जुनी झाले होते. काम तिला मी शिकवलं. अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक, पण नजर अशी की आम्ही गंमतीने म्हणायचो, हिला भिंग कशाला? तिच्या त्या ताऱ्याची गोष्ट तुला सांगायला हवी. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या दोन काचा, वेगवेगळ्या रात्रींच्या, शेजारी ठेवून ठिपका न ठिपका ताडून बघायचा, हे आमचं काम. एकदा तिला एका काचेवर एक ठिपका दिसला, जो दुसरीवर नव्हता. सगळे म्हणाले, धूळ आहे. तिने फुंकर मारली. भिंग बदललं. ठिपका तिथेच. धाकटे साहेब म्हणाले, रसायनातला दोष असेल, सोडून द्या. हिने काही सोडलं नाही. जेवायच्या सुट्टीत ती जेवलीही नाही. शेवटी दुर्बीण परत त्या जागी वळवली आणि पुढच्या काचेवर तो ठिपका होता, आधीच्यापेक्षा ठळक! कधीतरी एखादा मंद तारा असा एकदम भडकतो आणि मग हळूहळू विझत जातो. त्याचं विझणं आम्ही पुढे वर्षभर मोजलं. अहवालात शोध वेधशाळेच्या नावावर लागला. तशीच रीत होती. हिरवी म्हणाली, "मला दिसला ना, झालं." मला मात्र त्याचा राग अजून येतो.

पुसण्याचं म्हणशील तर बिनधास्त पूस. खाली आकाश आहे, ते आमच्या बाणांपेक्षा जास्त उपयोगाचं. माझ्या जांभळ्या शाईसाठी हात आखडू नकोस.

फक्त एक कर. हिरव्या शाईची एक काच, कुठलीही, न पुसता बाजूला ठेव. साहेबांच्या हातापाया पड हवं तर. हिरवी तिथेच राहते, वेधशाळेच्या उतारावर, नळाच्या समोरचं घर. आता तिला फारसं काही आठवत नाही म्हणतात. लेक सांभाळते. ती काच घेऊन तिच्याकडे जा आणि तिच्या हातात दे. मी स्वतः गेले असते, पण हे गुडघे. जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरतात.

आठवणीने कर हं.

आत्या


१४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. इकडे कामाची नुसती झुंबड आहे, मान वर करायला सवड नाही. स्कॅनर मध्ये बंद पडला होता, आता चालू आहे. वेधशाळेच्या घुमटाला रंग देताहेत, त्यामुळे माझ्या चहात रोज पांढरे ठिपके पडतात. साहेब बरे आहेत. मीही बरी आहे. हिरवीमावशींकडे जायला जमलं नाही अजून. बघते.

गुडघ्यांना जप.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरे,

तू सहा वर्षांची असताना माझी फुलदाणी फोडलीस आणि दिवसभर मला पावसापाण्याच्या गप्पा सांगत बसलीस. या पत्राला तोच वास येतोय. रंगाचे ठिपके, स्कॅनर, साहेब बरे आहेत. साहेबांच्या तब्येतीची मी कधी चौकशी केली?

पुसल्यास ना सगळ्या हिरव्या?

रडत बसली असशील तर आधी डोळे पूस. तुझी काही चूक नाही. तू मला आधीच लिहिलं होतंस की हिरव्या उरकतेय म्हणून, आणि मी इकडे तीन आठवडे पत्रं फाडत बसले. लगेच दोन ओळी टाकल्या असत्या तर काम झालं असतं. नाही टाकल्या, कारण त्या काचेचं कारण लिहायचं की नाही तेच मला ठरवता येत नव्हतं. आता लिहिते. तू मोठी झालीस.

माझे गुडघे ठीक आहेत. रोज दोन जिने चढते.

मागच्या वर्षी मी हिरवीकडे गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या बाबांनाही नाही. तिची लेक म्हणाली होती, आईला हल्ली माणसं कळत नाहीत. मी मनात म्हटलं, इतर कुणी नसतील कळत, मी कळेन. इतकी वर्षं एका खिडकीच्या उजेडात बसलो आम्ही, कोपराला कोपर लावून. नवरे, सासवा, आजारपणं, सगळं एकमेकींच्या कानात ओतलेलं. तिने स्वतःच दार उघडलं. छान हसली. म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

आपल्याला! हिरवी मला अहो-जाहो करत होती.

मी म्हटलं, "चुकून आले, शेजारचं घर समजून." आणि जिना उतरून थेट स्टँडवर आले. बसमध्ये खिडकीशी बसून असं रडले की कंडक्टरने तिकीट न विचारता पुढची माणसं आधी केली. तेव्हापासून परत जायची हिंमत नाही झाली. मग वाटलं, तिची स्वतःची शाई, स्वतःचं अक्षर तिच्या हातात पडलं तर कदाचित काही परत येईल. आणि ते आलं तर त्याच्यामागून मीही येईन. एवढंच होतं बघ त्या काचेचं कारण.

आता नाही तर नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस. चहा झाकून पीत जा.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

हो. सगळ्या. शेवटची हिरवी काच पुसली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. ते वाचलं आणि मी भांडारात जाऊन प्रत्येक खोका परत उघडून बघितला. एकही नाही. मी किती मन लावून पुसलं ते बघून साहेबांनी मला शाबासकी दिली होती. ती शाबासकी आठवली की लाज वाटते. तू मला ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं.

पण मी गप्प बसले नाही. पुसण्याआधी काढलेले फोटो होतेच. त्यातला हिरवीमावशींच्या ताऱ्याचा, म्हणजे तुझ्या गोष्टीतल्या त्या ठिपक्याचा, शोधून काढला, चांगला मोठा छापून घेतला आणि रविवारी नळासमोरच्या घरी गेले.

हिरवीमावशी खिडकीशी बसल्या होत्या. खरंच काडी आहेत गं. केस विंचरलेले, नखं कापलेली, सगळं कसं नीट. त्यांची लेक, मी ताई म्हणते त्यांना, फार चांगली आहे, पण दमलीय. मावशी दिवसभर काही ना काही शोधत घरभर फिरतात म्हणे. कपाटं उघडतात, उशीखाली बघतात. काय शोधताय विचारलं तर सांगता येत नाही.

मी त्यांच्या हातात फोटो दिला. त्यांनी काय केलं असेल? बघितलाच नाही. सरळ उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरला. कागदातून काय दिसणार, डोंबल! त्यांनी तो उलटा केला, परत धरला, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना फसवलंय. आणि बाजूला ठेवून दिला. मी "हिरवी शाई, वेधशाळा, तारा" असं काय काय बडबडले. त्यांनी मान हलवली, पाहुण्यांसाठी हलवतात तशी.

पण आत्या, त्यांनी तो उजेडासमोर धरला! घरी येईपर्यंत मला तेच दिसत होतं. त्यांना फोटो नकोय, काच हवीय.

सोमवारी साहेबांकडे गेले. म्हटलं, एक काच न्यायचीय, पुसून स्कॅन झालेली, दोन तासांत परत आणते. ते म्हणाले, "वेधशाळेची काच मी मेल्यावरही या दारातून बाहेर जाणार नाही." मी सगळी हकिकत सांगितली. तुझी, मावशींची, बसची सुद्धा. रागावू नकोस. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत तेच म्हणाले. मी बाहेर येऊन कुणी नाही बघून कपाटाला लाथ मारली.

आज सकाळी माझ्या टेबलावर एक खोका होता. वर साहेबांची चिठ्ठी: "हललेल्या. नोंद नाही. फेकायच्या होत्या." दुर्बीण वाऱ्याने हलली की प्रत्येक तारा दोनदा उमटतो ना, तसल्या बाद काचा. साहेबांना मी आता काही म्हणणार नाही.

रविवारी परत जातेय.

भिंगरी


१२ एप्रिल

आत्या,

बसली आहेस ना? सगळं पहिल्यापासून सांगते.

मी फक्त काच न्यावी म्हटलं होतं. मग वाटलं, शाईपण न्यावी. दुकानदाराने काचेवर लिहायचं हिरवं जाडं पेन दिलं. शिवाय आपल्या खोलीतला एक जुना टाक, निब लावून, आणि हिरव्या शाईची बाटली. ताई म्हणाली, शाई कशाला, सांडतील त्या. मी म्हटलं, सांडू देत, मी पुसायची पगारी माणूस आहे.

मावशींच्या हातात काच दिली. आत्या, त्यांचे हात बदलले. मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगता येत नाही. इतका वेळ मांडीवर थरथरणारे हात काचेच्या कडा धरून एकदम स्थिर झाले. त्यांनी ती उजेडासमोर धरली, जरा तिरकी केली, रसायनाची बाजू कुठली ते बघितलं आणि बरोब्बर उलटी फिरवली. मग भुवई वर केली.

"हललीय ही," त्या म्हणाल्या. "कुणी काढली?"

ताई दारात उभी होती. तिने हातातला कप तसाच खाली ठेवला. म्हणाली, आई स्वतःहून एवढं बोलली त्याला किती दिवस झाले.

मी म्हटलं, "वारा होता, मावशी."

"वारा रोजच असतो," त्या म्हणाल्या. "दुसरी दे."

दुसरीही हललेली, तिसरीही. तिन्हींना नावं ठेवून झाल्यावर त्यांनी खिडकीशी टेबल ओढायला लावलं, काच तिरकी टेकवली आणि हात पुढे केला. मी जाडं पेन दिलं. त्यांनी ते बघितलं आणि माझ्याकडे परत दिलं. टाक घेतला. मग दुपारभर त्यांचा टाक चालत राहिला. दोनदा उमटलेल्या प्रत्येक ताऱ्याभोवती एक बारीकसं हिरवं वर्तुळ, ताऱ्याला न शिवणारं. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडून आली आणि मग चक्क झोपली, बसल्या जागी. मावशी घरभर काय शोधत होत्या ते आम्हाला कळलं. त्या काम शोधत होत्या.

आता रोज संध्याकाळी जाते. मला त्या काचा आणून देणारी मुलगी समजतात. तुझं नाव मी अजून काढलेलं नाही, ते तू काढायचंस. ये ना आत्या.

भिंगरी


१७ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. शहाणी आहेस. साहेबांना माझा नमस्कार सांग, आणि कपाटाला लाथ मारल्याचं सांगू नकोस.

पण मी येणार नाही. तिला काम सापडलं, तिचे हात शांत झाले, मला पुरे आहे. मी समोर उभी राहीन आणि ती परत तसंच छान हसून विचारेल, कोण हवंय म्हणून. एकदा सोसलं. दुसऱ्यांदा त्या दारातून परत फिरायचं बळ माझ्यात नाही, हे खरं खरं सांगते.

आत्या


२२ एप्रिल

आत्या,

तुला ओळखावं म्हणून यायचंच नाही आहे मुळी. तिथे माणूस हवंय कामाला.

ऐक. सोमवारपासून मला साहेब दोन आठवडे दुसऱ्या गावी पाठवताहेत, स्कॅनिंग शिकायला. ताईला काचेची कुठली बाजू कुठली ते कळत नाही. परवा तिने काच ओल्या फडक्याने पुसली तर मावशी दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. काचा लावून देणारं, निब बदलणारं, शेजारी बसून दुसरी काच बघणारं कुणीतरी पाहिजे. हे काम येणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे आणि ते दोन जिने चढतं असं त्याने लेखी कळवलंय.

माझ्या खोलीची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलीय. गादी जरा टणक आहे. प्रशिक्षणाचा पत्ता मागे लिहिलाय.

तू हिरवीची मैत्रीण म्हणून नको जाऊस. नोकरीवर जा.

भिंगरी


भिंगरीची खोली
२९ एप्रिल

भिंगरे,

तुझी गादी टणक नाही, फरशी आहे. आणि तुझ्या डब्यात साखर सोडून सगळं आहे. असो. मी आले.

काल सकाळी त्या जिन्यावर तीनदा थांबले. धाप लागली म्हणून नव्हे. ताईने दार उघडलं, मला बघून तिचे डोळे भरले. मी तिला खूण केली, काही बोलू नकोस. हिरवी खिडकीशी पाठमोरी होती. मान तीच, जरा डावीकडे झुकलेली. मी जवळ जाऊन म्हटलं, "मी कामाला आलेय."

तिने वळून बघितलं. मला नखशिखांत न्याहाळलं. भिंगरे, तिने ओळखलं नाही. माझ्या तोंडावरून नजर फिरवली आणि पुढे गेली.

"नवीन का?" ती म्हणाली. "फार उशिरा आलीस. बस."

मी बसले. आणि तिने मला काम शिकवायला घेतलं. "काच कडेने धरायची. श्वास तिच्यावर सोडायचा नाही. आधी नुसतं बघायचं, चहा निवेपर्यंत, टाकाला हात लावायचा नाही. घाई झाली की शाई ताऱ्यावर जाते." अगं, हे सगळं मी तिला सांगितलेलं! शब्द न् शब्द माझे, चहासकट. मीच कधीच विसरून गेले होते आणि तिच्या तोंडून मला माझाच चाळिशीतला आवाज ऐकू येत होता. मी निमूट शिकले.

मग पहिलंच वर्तुळ काढताना माझी घाई झाली आणि शाई ताऱ्याला लागली.

हिरवी म्हणाली, "जांभळी असती तर तुला आज घरी पाठवलं असतं."

मला खोकलाच आला. मग विचारलं, "कोण जांभळी?"

तिने भिंग खाली ठेवलं. "माझ्या शेजारी बसते ती. आज आली नाही. तोंडाने फटकळ आहे, तू घाबरशील तिला. मीही घाबरायचे." मग निब पुसायला लागली. मला वाटलं, संपलं. पण परत बोलायला लागली, हळू, अगदी माझ्या कानाशी, कुणी ऐकेल म्हणून सांभाळून बोलायची तशी.

"माझी आई गेली ना, तेव्हा मी आले कामावर, पण मला काही दिसेचना. नुसती काच समोर धरून बसायचे. काचा तुंबल्या. साहेब काढूनच टाकणार होते. आणि एक दिवस बघते तर माझ्या सगळ्या काचा झालेल्या! हिरव्या शाईने. सगळे म्हणाले, हिरवीने भरून काढलं काम. मी कुठलं काढतेय! माझे बाण बारीक असतात. ते बाण हे एवढे ढब्बू होते." तिने बोटांनी दाखवलं आणि हसली. "जांभळीला वाटतं मला कळलं नाही. मी सांगितलंच नाही कधी. आता ती आली की सांगणार आहे, की मला माहीत होतं, आणि ती नसती तर मी तिथे राहिले नसते."

मी कधी कुणाला बोलले नव्हते हे. तिलाही नाही. मनात पक्कं धरून होते की कुणाला पत्ता नाही. आणि बाई इतकी वर्षं पोटात ठेवून बसली होती.

रडू आवरेना. काचेवर पडू नये म्हणून मान फिरवली. शेवटी म्हटलं, "सांगा तिला. तिला फार बरं वाटेल."

"बरं वाटेल?" ती म्हणाली. "माझ्यावरच ओरडेल. पण सांगणार."

सांगायचं का तिला, की जांभळी तुम्हीच? ताईने डोळ्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. तिला जे माझ्याशी बोलायचं होतं ते ती बोलली, आणि मला ते पोचलं. आता नाव लावून काय वेगळं होणार?

मग आम्ही काम केलं, उजेड जाईपर्यंत. माझी चार वर्तुळं तिने खोडून परत काढायला लावली, रास्त होतं. मी उठले तेव्हा तिने माझी काच तपासली आणि म्हणाली, "हात बरा आहे तुझा. उद्या वेळेवर ये. आणि या खुर्चीत नको बसूस, ही जांभळीची आहे. ती आली तर मला बोलणी बसतील."

तेव्हा उद्या मी तुझ्या खोलीतलं लाकडी स्टूल घेऊन जातेय. तू परत येईपर्यंत मला ते लागेल, कदाचित नंतरही.

आत्या